बोंडांचा रंग

मोंतेर्रेय, ९ ऑगस्ट १९८६

नाबोर,

हे पत्र बायकोला, चोलेला, समोर बसवून मोठ्याने वाच. एकट्याने वाचलंस तर अर्ध्यावर सोडून चुलीत घालशील. तुझी बहीण आहे मी, तुला ओळखते.

मी ठीक आहे. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, गणवेशांचे ढीग पडलेत, मशिनवरून पाय निघत नाही. मधे खोकला फार झाला म्हणून दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मला मूलबाळ असतं तर एवढीच मुलगी असती. तपासता तपासता त्यांनी विचारलं, आई कशाने गेली? मी म्हटलं, पोटाने. पोटाने म्हणजे? म्हटलं, आतड्याचा रोग, सहा महिन्यांत संपली, शवपेटी उचलायला दोन माणसं पुरली. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, हे रोग कधीकधी घरात फिरतात, तुम्हा भावंडांनी जपायला हवं.

तेव्हा ऐक. त्या म्हणाल्या, फळं खा. नुसती नाही, चोथ्यासकट. त्या त्याला तंतू म्हणतात. आतडं त्याने साफ राहतं, मळ साठून बसत नाही. आणि रस प्यायचा नाही! रस म्हणजे फळाचं गोड पाणी, कामाचं ते मागे चोथ्यात राहतं आणि आपण ते डुकरांना घालतो. पेरू बियांसकट खायचा. नाशपाती सालासकट. संत्र्याची फोड आतल्या पांढऱ्या पापुद्र्यासकट, तू लहानपणी तो सोलून माझ्या वेणीत चिकटवायचास तो. सकाळी पपई. एका दिवसात सगळं नाही, हळूहळू वाढवायचं, आणि वर भरपूर पाणी प्यायचं. फळ म्हणजे औषध नव्हे असंही त्या म्हणाल्या, पण ते मी सोडून देते, नाहीतर तू तेवढंच लक्षात ठेवशील.

तू हसशील. हस. पण येत्या मार्चमध्ये मी अठ्ठावन्नची होते. आई याच वयात गेली. आपण चौघं होतो, आता दोघंच उरलो. मला भीती वाटते नाबोर. तिचं दुखणं आपल्या दोघांपैकी कुणाच्या तरी आत बसून असेल, आणि आपण सणासुदीला नाचत असू. शिवता शिवता हे मनात येतं आणि मशीन थांबते.

डुकराची चरबी कमी कर. फळं खा. पोट कसं आहे ते सविस्तर कळव, लाजू नकोस.

तुझी बहीण,
ओतिलिया

*

ला बिस्नागा, १४ सप्टेंबर १९८६

ताई,

पत्र चोलेसमोर मोठ्याने वाचलं. तिसऱ्या ओळीपासून तिनेच हातातून ओढून घेतलं. तेव्हापासून या घरात माझं काही चालत नाही. सकाळी पपई, दुपारी पेरू, संध्याकाळी तुझ्या नावाने नाशपाती. संत्र्याचा पापुद्रा काढायला गेलो तर हातावर चमचा बसतो. परवा मी म्हटलं, मी माणूस आहे की बकरी? तर म्हणते, बकरीला कळतं तरी काय खावं ते.

तुला सविस्तर हवं होतं ना, मग घे. पहिला आठवडा मी कुणाच्या जवळ बसण्याच्या लायकीचा नव्हतो. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, तिथूनही लोक उठून गेले. चोलेने तुझं ‘हळूहळू’ वाचलंच नव्हतं. आता सगळं वेळेवर, सैन्यातल्यासारखं.

आणि आता आपला हंगाम. निवडुंगाची बोंडं यंदा अशी लागलीत की डोंगर दुरून लाल दिसतो. पहाटे काठीला चिमटा बांधून आम्ही सगळे रानात, मग झुडपाच्या झाडूने कुसळं झाडायची, मग सोलायची. मी म्हटलं, ताईला चोथा हवाय ना, बोंडात बियाच बिया, याहून जास्त चोथा कशात? म्हणून एके दिवशी सोलता सोलता खात बसलो. आईचा नियम होता बघ, तीन बोंडं झाली की मक्याच्या भाकरीचा एक घास, तोही विसरलो. ताई, त्या बिया आत जाऊन सिमेंटसारख्या बसल्या. दोन दिवस मी भिंत धरून चालत होतो. चोलेने कोमट पाणी आणि पपई देऊन सोडवलं मला. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, चोथ्यात असाही चोथा असतो का.

लाल बोंडांवरून मास्तरांची गोष्ट आठवली. तू तेव्हा शहरात नोकरीला गेलेली होतीस, म्हणून सांगतो. राजधानीहून नवे मास्तर आले, कोट घालणारे. पोरांनी त्यांना टोपीभर लाल बोंडं सोलून दिली, त्यांनी सगळी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातून बाहेर आले ते चुन्यासारखे पांढरे. आपल्या ओट्यावर बसले आणि बाबांना म्हणाले, पाद्रीबाबांना बोलवा, माझं सगळं रक्त चाललंय. मनगटावरचं घड्याळ काढून बाबांच्या हातात दिलं, माझ्या आईला पोचवा म्हणाले. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग ओढणीने डोळे पुसत म्हणाली, “मास्तर, तुम्ही मरत नाही आहात. तुम्ही बोंडं खाल्लीत.” इकडे हंगामात लघवीसुद्धा लाल होते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी घड्याळ परत केलं, पण फार वाईट तोंडाने.

तर घाबरू नकोस. तुझा भाऊ आतून बाहेरून लाल आहे आणि ठणठणीत आहे.

बोंडांचा रस आटवायला काहील चढली आहे. त्याची पहिली वडी थापली की तुला पाठवतो. बसवाला चेमा आणून देईल, त्याला कॉफी पाज. खोकला कसा आहे?

नाबोर

*

मोंतेर्रेय, ११ ऑक्टोबर १९८६

लाडक्या नाबोर,

चेमा आला, कॉफी प्यायला, तुझ्या बायकोच्या हाताखालचा जुलूम हातवारे करून सांगून गेला. वडी मिळाली. कागद उघडला आणि घरभर आपल्या अंगणाचा वास झाला. मी उभ्यानेच एक तुकडा तोंडात टाकला.

तुझं मास्तरांचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू डोक्यावर बसशील. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, मग रडले, मग स्वयंपाकघरात जाऊन मेणबत्ती लावली. तू काय लिहून गेलास ते तुलाच ठाऊक नाही. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. चाळीसच्या वर वर्षं शहरात काढली की माणूस आपलंच गाव विसरतं. इथल्या बाजारात पांढरी बोंडं मिळतात, बेचव. तुमच्याकडची एक बाई यंदा कोपऱ्यावर लाल बोंडं घेऊन बसायची, जुलैपासून. तिच्याकडून मी बादलीने घेत होते. आता ती गावी गेली, पण तुझी वडी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ एक तुकडा. बियांशिवायची आहे, पण बोंडच ना ते? त्यातही थोडाफार चोथा असेलच.

खोकला गेला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं, काही तपासण्या करायच्या म्हणत होत्या, नळीबिळी. मी गेले नाही. त्यांना कामच तेवढं असतं. आता कशाला उगाच? मी फळं खाते आहे. पेरू संपला की दुसरा चिरते. शेजारीण म्हणते, ओतिलिया, तुझ्या घरात फळांच्या गाडीसारखा वास येतो.

जरा बारीक झाले आहे, पण ते चरबी सोडल्यामुळे. घागऱ्याला दोन टाके घातले की झालं. शिंपिणीला कसली चिंता!

तुझं पोट कसं? भीती वाटते का अजून? मला आता वाटत नाही.

जमलं तर आणखी एक वडी पाठव. मोठी.

तुझी,
ओतिलिया

*

ला बिस्नागा, ५ नोव्हेंबर १९८६

ताई,

मृतांचा दिवस रविवारी झाला. आईच्या थडग्यावर झेंडू, पेरू, संत्री, वडीचा एक तुकडा आणि तिचा तो लाल पेला ठेवला. चोलेने पेरू मांडता मांडता म्हटलं, “सासूबाई, आता तिथे तरी सालासकट खा.” मी हसलो, आणि मग वाकून झेंडू पुन्हा नीट मांडत राहिलो.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तू विचारलंस, भीती वाटते का. ताई, तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी वाकून बघतो. चोलेला कळू देत नाही. हंगाम होता तोवर काय दिसणार, सगळंच लाल. शेवटची बोंडं संपली आणि दोन दिवसांत रंग गेला, तेव्हा मी संडासातच गुडघ्यावर बसून हात जोडले. कुठे हात जोडतोय याचंही भान नव्हतं. एवढा मोठा बाप्या, पण घाबरलो होतो.

आता तुझं. माझा पोरगा एवारिस्तो तुझ्या शहरातल्या काचेच्या कारखान्यातून सुट्टीला आला होता. म्हणाला, आत्याकडे गेलो तर तिने दारातूनच बोळवलं. घागऱ्याला सेफ्टी पिना लावलेल्या, एक नाही, चार. तोंडावर रंग नाही. जिना उतरून खाली आली आणि पायरीवर बसली, म्हणाली, ऊन बघते. ताई, ढगाळ होतं म्हणे त्या दिवशी.

तू म्हणतेस चरबी सोडली. मीही सोडली, पण माझ्या विजारी गळून पडत नाहीत. चोलेला तर फळं खाऊन उलट गाल आलेत. मी तुला विचारतो, आणि तू मोठी असलीस तरी सरळ उत्तर दे. कसल्या तपासण्या होत्या? खोकल्याला नळी कुठून घालतात?

चोले म्हणते, असं काही लिहू नका, त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. तूच लिहिलंस की आता आपण दोघंच उरलो.

मोठी वडी चेमाबरोबर पाठवतो आहे. खा, पण उत्तर लिही.

तुझा,
नाबोर

*

मोंतेर्रेय, ६ डिसेंबर १९८६

नाबोर,

उत्तराला उशीर झाला, कारण मी तुझ्यावर रागावले होते. एवारिस्तो लहान असताना चड्डीत करायचा ते मी कधी कुणाला सांगितलं? आणि त्याने माझ्या पिना मोजाव्यात!

आता राग गेला. तुला खरं सांगते, म्हणजे तू शांत होशील. पण शपथ घे, मला जन्मभर चिडवणार नाहीस.

मला खोकला कधी नव्हताच. जुलैच्या शेवटी एका सकाळी मला रक्त दिसलं. तुझ्यासारखीच मी वाकून बघितलं. मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. मी त्या मास्तरांपेक्षा पांढरी झाले असेन. आईचं वय, आईचं दुखणं, सगळं एकदम अंगावर आलं. दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं म्हणून लिहिलं होतं ना, ते त्यासाठी. त्यांना नळी घालून आत बघायचं होतं. चिठ्ठी दिली मोठ्या इस्पितळाची. मी घरी आले आणि तुला फळं खा म्हणून पत्र लिहिलं. मला वाटलं, मी तर गेलेच, निदान हा वाचू दे.

आणि मग तुझं पत्र आलं, मास्तरांचं! नाबोर, मी कपाळावर हात मारला. जुलैपासून मी त्या बाईकडून लाल बोंडं आणत होते, बादलीने! आपण पोरं असताना लाल लघवीने भिंतीवर नावं काढायचो, आणि मी बोंडं खाऊन शवपेटी मोजत बसले होते. त्या दिवशी इस्पितळाची चिठ्ठी फाडून टाकली. मेणबत्ती लावली ती यासाठी.

तेव्हा माझी काळजी सोड. रंग अजून आहे, पण ते साहजिकच आहे. बोंडवाली बाई गेली त्याच आठवड्यात तुझी वडी आली, आणि वडी मी रोज खाते, मधे खंड कुठे पडला? उलट मोठी वडी आल्यापासून जरा जास्तच आहे. एवढं मुरवलेलं बोंड, रंग देणारच. पोटात कळा येतात, त्या मी पेरूच्या बियांवर टाकते. थकवा येतो तो वयाचा. डॉक्टरीणबाईंना हे सगळं ठाऊक असायचं कारण नाही. त्या शहरातल्या, त्यांनी बोंड कधी सोललंय?

तर हे असं आहे. तुझी बहीण मरत नाही. तिने बोंडं खाल्लीत.

आता हस बघू. आणि नाताळाला दोघंही या. मी पेरूचं गरम पन्हं करीन, फोडी टाकून, चोथ्यासकट.

ओतिलिया

*

ला बिस्नागा, १४ डिसेंबर १९८६

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. चेमा आज दुपारची बस काढतो, तो तुझ्या हातात देईल. तू वाचेपर्यंत जिन्यात उभा राहा असं त्याला सांगितलंय.

मी हसलो नाही.

ताई, वडी रंग देत नाही.

तुला ठाऊक नसणार. तू बारा वर्षांची होऊन गावाबाहेर पडलीस, आणि त्याआधी आई आपल्याला काहिलीजवळ येऊ देत नव्हती, रस उडेल म्हणून. आपण बघितली ती काहील चढताना. तेव्हा रस लाल असतो, पोरं बोटं बुडवून ओठ रंगवतात. उतरताना तू कधी बघितली नाहीस. पहिल्या उकळीला फेस गुलाबी येतो. मग रस विटकरी होतो. मग दिवसभर ढवळत राहायचं, आणि लाल हळूहळू मरत जातं, शेवटी काकवीसारखं तपकिरी उरतं. वडी थापताना माझे हात कधी लाल झाले नाहीत. बोंड सोलताना होतात. वडीचा जो काळपट तांबडा रंग तुला दिसतो तो करपलेल्या साखरेचा आहे. पाण्यात टाकून बघ तुकडा. चहासारखं पाणी होईल.

तरी मी खात्री केली. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी आणि चोलेने तुझ्यासारखीच सकाळ-संध्याकाळ वडी खाल्ली. तिला मी सगळं वाचून दाखवलं, यावेळी सगळं. आम्ही दोघांनी बघितलं. काही नाही ताई. आज सकाळी ती संडासातून बाहेर आली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि रडायला लागली.

अजून एक आहे. लिहू नये असं वाटतं, पण लिहितो. आई आजारी पडली तेव्हा मी तिला विचारलं होतं, घागऱ्यावर हे लाल कसलं. निवडुंगावर एक बोंड नव्हतं तेव्हा. ती म्हणाली, “वडी खाल्ली रे, वडीचा रंग.” मी तेव्हा नुसता रानात जायचो, काहील तिची होती. मी हो म्हटलं आणि कामाला गेलो. ताई, तिने जन्मभर ती काहील ढवळली. वडीत लाल उरत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला सगळं कळत होतं. तिला भीती वाटत होती आणि तिने आपल्याला गोष्ट सांगितली. हे मला परवा तुझं पत्र हातात धरून उभा असताना कळलं.

तू मात्र खरंच फसलीस. माझ्या गोष्टीने फसलीस. म्हणून आता मी सांगतो ते कर.

आजपासून वडी बंद. पेरू बंद, बोंडं तर नाहीतच. लाल असं काहीही तोंडात घालू नकोस, टोमॅटोसुद्धा नाही. भात, कोंबडीचं पाणी, सोललेलं सफरचंद खा. आणि रोज बघ. डोळे मिटून घेऊ नकोस. मी आत्ताच या बसमध्ये चढणार होतो, चोलेने थांबवलं. म्हणाली, तुम्ही गेलात तर त्या दार लावून घेतील आणि आतून म्हणतील, वडीचा रंग. त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या.

चेमा गुरुवारी परत निघतो. त्याच्याजवळ चिठ्ठी दे. रंग गेला असेल तर मला हव्या तितक्या शिव्या लिही, मी फ्रेम करून लावीन. गेला नसेल तर ताई, त्याच सकाळी त्या डॉक्टरीणबाईंकडे जा. नवी चिठ्ठी माग. त्यांनी बोंड सोललं नसेल, पण त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

माझी पिशवी भरलेली आहे.

नाबोर

*

मोंतेर्रेय, १८ डिसेंबर १९८६

नाबोर,

बसस्टँडवर उभ्याने लिहिते आहे. चेमाचा दोनदा हॉर्न वाजवून झाला.

तू सांगितलंस तसं केलं. तुकडा पाण्यात टाकला. चहासारखं झालं पाणी. मी तो पेला बराच वेळ धरून बसले. मग उरलेली वडी शेजारणीच्या पोरांना देऊन टाकली. तेव्हापासून नुसता भात आणि कोंबडीचं पाणी. लाल काहीही नाही.

आज सकाळी मी कितीतरी वेळ खाली बघितलंच नाही. आईची फार आठवण आली. मग बघितलं.

रंग तसाच आहे.

दवाखान्यात जाऊन आले. बाई रागावल्या नाहीत. सोमवारी इस्पितळात जायचं आहे, बरोबर कुणीतरी हवं असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, भाऊ येतो आहे.

मला फार भीती वाटते नाबोर. तू ये. वडी आणू नकोस.

ओतिलिया